टांझानियाचा बेत असा आखा: आधी महिना, मग नकाशा, तिकीट शेवटी

जाहिरातींमध्ये सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान, किलिमांजारो पर्वत आणि झांझिबार बेट एकाच आठवड्यात बसवलेले दिसतात. कागदावर बसतातही. पण टांझानियाचं क्षेत्रफळ आहे सुमारे 9 लाख 45 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिप्पट. त्यामुळे तिथे जाऊन काय बघायचं, यापेक्षा या खेपेला काय सोडायचं, हे आधी ठरवा.

1. महिना ठरवा

आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे अगदी चुकीच्या वेळी येते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ‘मसिका’ हा मोठा पाऊस असतो. रस्ते चिखलात रुततात, गवत उंच वाढल्यामुळे प्राणी दिसत नाहीत आणि कित्येक कॅम्प बंद असतात. दर उतरलेले असतात ते उगाच नाही. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सगळ्यात चांगला. नोव्हेंबर-डिसेंबरचा ‘वुली’ हा पाऊस हलका, सरींचा. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरअखेर आली तर ती सुट्टी चांगली जमून येते.

रानगव्यासारखे दिसणारे, पण खरं तर हरणांच्या जवळचे असे सुमारे 15 लाख विल्डबीस्ट सेरेंगेटीत वर्षभर फिरतात. ते एखाद्या ठरावीक तारखेला ‘निघत’ नाहीत, पाऊस आणि गवताच्या मागे गोल फिरत राहतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत ते दक्षिणेला न्दुतूच्या बाजूला असतात आणि तिथे पिल्लं जन्मतात. जुलै ते सप्टेंबर उत्तरेला मारा नदी ओलांडतात. म्हणून बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: कॅम्प सेरेंगेटीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे? उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं आहे. फेब्रुवारीत उत्तरेचा कॅम्प घेतलात तर कळप गाठायला दिवसभर जीप हाकावी लागेल.

2. नकाशाचा एकच तुकडा निवडा

पहिल्यांदा जात असाल तर उत्तर भाग घ्या. अरुशा शहरातून निघून तारांगिरे, लेक मन्यारा, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी. या भागाला सहा-सात दिवस द्या. तारांगिरेला बरेच लोक गाळतात, ते गाळू नका. कोरड्या महिन्यांत नदीकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात आणि मागे उभे असतात अवाढव्य बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच.

न्गोरोंगोरो हे खचलेल्या ज्वालामुखीचं विवर. तळ सुमारे 260 चौरस किलोमीटर, कडे 600 मीटर उंच. गेट उघडताच आत उतरा. काठावर धुकं असतं, जीपच्या काचा पुसत पुसत वळणं उतरायची आणि खाली पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं. काळा गेंडा दिसण्याची आशा इथे धरता येते. जिराफ मात्र शोधत बसू नका, इतक्या उभ्या उतारावरून ते आत येत नाहीत. काठाची उंची 2,200 मीटरच्या वर, म्हणून जुलैत स्वेटर नव्हे, चांगलं जाकीट हवं. सेरेंगेटीच्या वाटेवर ओल्डुवाय घळ लागते. 1959 मध्ये मेरी लीकी यांना आदिमानवाची प्रसिद्ध कवटी सापडली ती इथेच. तासभर थांबाच.

दक्षिणेची न्येरेरे आणि रुआहा उद्यानं कमी गर्दीची, पण प्रवास महाग. पश्चिमेला टांगानिका सरोवराकाठी गोम्बे आहे, जिथे जेन गुडाल यांनी 1960 मध्ये चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. ते पुढच्या खेपेला ठेवा.

3. किलिमांजारो: चढायचा की बघायचा?

5,895 मीटर. दोर-कुदळीची गरज नाही, त्रास होतो तो विरळ हवेचा. पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज घेऊ नका. सात-आठ दिवसांचा मचामे किंवा लेमोशो मार्ग घ्या. झोपायला तंबू नको, खोली हवी असेल तर मरांगू. फक्त बघायचा असेल तर मोशी गावात मुक्काम करा आणि पहाटे उठा, उन्हं चढली की ढग शिखर झाकतात. पायथ्याला चग्गा लोकांच्या केळीबागांत कॉफी पिकते, तिथे एक दुपार मजेत जाते.

4. माणसांशी कसं वागायचं

देशात 120 हून जास्त जमाती आहेत. सुकुमा सर्वांत मोठी, पर्यटकांना ठाऊक असते ती मसाई. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिली सगळ्यांची भाषा केली आणि जमातींचं राजकारण फारसं वाढलं नाही. वयाने मोठ्या माणसाला नमस्कार म्हणून ‘शिकामू’ म्हणा, उत्तर येईल ‘मराहबा’. मसाईंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. न्गोरोंगोरोतून त्यांना दूर हंदेनीकडे हलवण्याचा सरकारी कार्यक्रम 2022 पासून वादात आहे, तेव्हा या विषयावर गाइडला खोदून विचारण्याआधी जरा अंदाज घ्या.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. ‘सिली न्यामा’ म्हणजे मी मांस खात नाही. वली ना महरागे (भात आणि राजमा) कुठेही मिळतं, सोबत म्चिचा ही माठासारखी पालेभाजी. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, फक्त ती तेलात भाजलेली आणि पदर सुटलेली असते.

5. झांझिबारला किनारा नीट निवडा

दार-एस-सलामहून फेरीने साधारण दोन तास. स्टोन टाउन या तिथल्या जुन्या शहराला निदान दोन रात्री द्या. कोरीव दरवाजे बघा, गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला त्या जागेवरचं चर्च बघा आणि संध्याकाळी फोरोधानी बागेत उरोजो हे आंबटसर सूप प्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

मग समुद्र. पूर्वेच्या पाजे, जांबियानीला ओहोटीत पाणी दूरवर मागे जातं. बायका तिथे दोऱ्यांना समुद्रशेवाळ बांधताना दिसतात, पण पोहणं होत नाही. दिवसभर पोहायचं असेल तर उत्तरेचं नुंग्वी किंवा केंद्वा घ्या.

6. कागदपत्रं आणि बॅग

व्हिसा ऑनलाइन काढता येतो. झांझिबारचा प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा नियम जातानाचा आणि परततानाचा, दोन्ही तपासा. लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून चिवडा-लाडू डब्यात भरा. छोट्या विमानाने जाणार असाल तर 15 किलोच्या आतली मऊ बॅग हवी, चाकांची कडक सूटकेस विमानवाले घेत नाहीत.

आणि बसचं तिकीट काढताना वेळ दोनदा विचारा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजता, असं कुणी म्हणालं तर गाडी सकाळी सातला सुटते.