पावसाचा खंड पडायच्या आधी नॅनो झिंक कसं वापरायचं (सोयाबीन अन् हरभरा)

२०२३ चा ऑगस्ट आठवतोय ना, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो आणि आमचं सोयाबीन ऐन फुलात. दुपारी पानं उलटी व्हायची, खालची पांढुरकी बाजू वर, अख्खं रान राख टाकल्यासारखं दिसायचं. मी घाईघाईनं नॅनो झिंकची (जस्ताच्या अतिबारीक कणांचं पातळ खत) बाटली आणली, भर दुपारी फवारली आणि काडीचा फरक पडला नाही. पडणार तरी कसा, झाड सुकायला लागलं की पानावरची छिद्रं मिटतात, मग वरून काहीही मारा, आत फारसं जात नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच, हे ताण पडल्यावर द्यायचं औषध नाही, ही आधीची तयारी आहे.

आता हे काम कसं करतं ते थोडक्यात. पाणी कमी पडलं, ऊन वाढलं की झाडाच्या पेशीत घातक ऑक्सिजन तयार होतो अन् तो पेशी जाळतो. त्याला आवरायला झाडाकडं स्वतःची एन्झाईम असतात, त्यातल्या एका महत्त्वाच्या एन्झाईमला झिंक लागतं. आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात सामू (पीएच, म्हणजे जमीन आंबट का खारट ते सांगणारा आकडा) ८ च्या पुढं, त्यामुळं झिंक जमिनीत असूनही मुळाला मिळत नाही. नॅनो कण १ ते १०० नॅनोमीटरचे (मीटरचे १०० कोटी तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे १ नॅनोमीटर), म्हणून ते पानातून, बियाच्या सालीतून आत शिरायला सोपे. पण पाणी काही त्यातून तयार होत नाही हो! डवरणी, आच्छादन, बीबीएफवर (रुंद वरंबा-सरीवर) पेरणी हे सोडून नुसत्या बाटलीवर विसंबू नका.

बाटली घेताना खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता आहे का, टक्केवारी किती, एक्सपायरी कधीची, हे बघाच. पक्कं बिल घ्या. नॅनो युरिया वेगळा, तो नत्र देतो, त्याला झिंक समजून घेऊ नका. आणि युरियाची गोणी हवी तर नॅनो घ्यावंच लागेल असं मलाही एका दुकानात ऐकवलंय, असल्या लिंकिंगला बळी पडू नका, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या गहू-भाताच्या चाचण्यांत युरिया कमी करून नॅनो युरिया फवारला तर उत्पादन घटलंय.

हरभऱ्याला बी भिजवून पेरायचं. बाटलीवर झिंक १ टक्का लिहिलं असेल तर १ मिलीत १० मिलिग्रॅम झिंक, म्हणजे लिटरभर पाण्यात ५ मिली टाकलं की ५० मिलिग्रॅम झालं, एवढं पुरे. जास्त टाकलं की जास्त फायदा असं इथं अजिबात नाही, डोस चढला की उलट मुळं खुंटतात. रात्री बी भिजत घाला, ८ तासांच्या वर ठेवू नका, सकाळी सावलीत पातळ पसरून हाताला कोरडं लागेपर्यंत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पण सगळं बी एकदम भिजवायच्या आधी १०० दाणे असे भिजवलेले आणि १०० साध्या पाण्यात भिजवलेले ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्यानं उघडून कोंब मोजा, मुळाची लांबी बघा. झिंकवाल्याची मुळं आखूड अन् तपकिरी दिसली तर डोस जास्त झालाय.

सोयाबीन मात्र कधीच भिजवू नका!! साल पातळ असते, पाणी पिऊन ती फाटते आणि उगवण जाते. सोयाबीनला फवारणीच. रायझोबियम (मुळाच्या गाठीत राहून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) लावणार असाल तर ते सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, आणि झिंकच्या द्रावणात कालवू नका, जिवाणू मरायची भीती असते.

फवारणी फुलं लागायच्या आधी, रानात ओल असताना अन् पानं ताठ असताना. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. डोस लेबलवरचाच. बाटली चांगली हलवा कारण कण तळाला बसतात, बोअरचं क्षाराचं पाणी टाळा, त्यात कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि मग नॅनोचे पैसे देऊन साधं झिंकच मारल्यासारखं होतं. शेजारची विहीर गोड पाण्याची असेल तर तिथून दोन घागरी आणा पण हे करा. तणनाशक, ताम्रयुक्त बुरशीनाशक यात मिसळू नका. बारीक फवारा पडेल असा नोझल लावा. फवारल्यावर लगेच मोठा पाऊस आला तर परत मारावं लागतं.

मास्क, हातमोजे, चष्मा घालाच, एवढे बारीक कण फुफ्फुसात खोल जातात. पंप धुतलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात जाऊ देऊ नका. आणि ऑनलाइन मिळणारी लॅबची सुटी पावडर आणून घरी कालवायच्या फंदात तर पडूच नका.

शेवटचं, दर वेळी मधल्या चार ओळी बिनफवारणीच्या सोडा, दोन्ही टोकांना काठीला चिंधी बांधून खूण करा. खंड पडला की दुपारी २ वाजता तिथं जाऊन बघा, कुठल्या ओळींची पानं आधी उलटली. काढणीला त्या चार ओळी अन् बाजूच्या फवारलेल्या चार ओळी वेगवेगळ्या मळून वजन करा, मग पुढच्या वर्षी बाटली घ्यायची का नाही ते त्या वजनावरून ठरवा.