भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर? आधी सेटिंग बघा
स्कूबा डाइव्हमध्ये किती खोल, किती वेळ राहता येईल ते सांगणारा हा कॉम्प्युटर मनगटावर बांधण्याआधी कन्झर्व्हेटिझमचं, म्हणजे तो किती सावध हिशोब करतो त्याचं, सेटिंग उघडून बघा. आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय, सांगता येत नाही. शिअरवॉटर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये हे सेटिंग ग्रेडियंट फॅक्टर नावाच्या दोन आकड्यांत दिसतं: ४५/९५ सैल, ३५/७५ कडक. दुसरा आकडा जितका लहान, तितकी नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल ती वेळ) कमी, आणि अंगात साठणारा नायट्रोजनही. झोप झाली नसेल, पाणी कमी प्यायलं असेल तर कडकच ठेवा. तुमचा थकवा यंत्राला कुठून कळणार? सकाळचाच कॉम्प्युटर दुपारीही वापरा, दुसऱ्याला सकाळच्या डाइव्हचा पत्ताच नसतो. जोडीदाराच्या कॉम्प्युटरची वेळ आधी संपत आली, तर दोघांनीही वर निघायचं. वाद बोटीवर घाला! वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबाच. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील, तर विमान किमान १८ तासांनंतरचं.