बाळंतिणीच्या शरीरात गॉज राहू नये म्हणून मोजणी कशी करावी

सिझेरियनमध्ये मॉप (रक्त टिपण्याच्या मोठ्या कापडी घड्या) मोजण्याची शिस्त बहुतेक ओटींमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरांमध्ये, रुजली आहे. नॉर्मल डिलिव्हरीनंतर टाके घालताना मात्र तेच डॉक्टर आणि नर्स मोजणी सोडून देतात, कारण लेबर रूममधल्या त्या कामाला कोणी शस्त्रक्रिया म्हणत नाही. रक्त थोपवण्यासाठी योनिमार्गात वर सरकवलेला गॉज (जाळीदार सुती कापडाची घडी) भिजल्यावर आसपासच्या मांसाच्याच रंगाचा होतो, आणि तो तिथेच राहिला तर काही दिवसांनी दुर्गंधीयुक्त स्राव, ताप आणि दुखणे घेऊन बाळंतिणीला परत यावे लागते. हा त्रास पूर्णपणे टाळता येतो.

सुरुवात ड्रम, म्हणजे गॉज निर्जंतुक करण्याचा डबा, भरण्यापासून करावी. अनेक रुग्णालयांत अजूनही मावशी थानातून गॉज कापतात, घड्या घालतात आणि अंदाजाने ड्रममध्ये रचतात. अशा ड्रममधून किती गॉज ट्रॉलीवर आले हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे दर गठ्ठ्यात ठरलेलेच नग, म्हणजे पाच किंवा दहा, बांधावेत. एखादा गठ्ठा उघडल्यावर कमी किंवा जास्त भरला, तर तो पूर्ण गठ्ठाच बाजूला काढावा. शरीरात जाणारा प्रत्येक गॉज एक्स-रेवर दिसणाऱ्या धाग्याचा असावा. योनिमार्गात वर ठेवायचा असेल तर लांब शेपटीचा टॅम्पॉन (गॉजची गुंडाळी) घ्यावा आणि शेपटीला आर्टरी (पकडून ठेवणारा चिमटा) लावून ती बाहेर, डोळ्यांसमोर ठेवावी. गॉज कापून त्याचे दोन करू नयेत, आणि बाळ पुसण्याचे कापड या ट्रॉलीवर ठेवूच नये.

मोजणी दोघांनी मिळून, मोठ्याने आणि प्रत्येक गॉज सुटा करून करावी, कारण एकमेकांना चिकटलेले दोन गॉज हमखास एक म्हणून मोजले जातात. आकडा लगेच बोर्डवर लिहावा. मध्येच नवा गठ्ठा उघडला तर तोही त्याच क्षणी लिहावा. सुया आणि उपकरणेही याच मोजणीत धरावीत. डिलिव्हरी एकीने केली आणि टाके दुसऱ्याने घातले, किंवा मध्येच ड्युटी बदलली, तर काम हाती घेणाऱ्याने आकडा समोरासमोर पुन्हा मोजून घ्यावा. माझ्या मते सर्वांत जास्त निसटते ते इथेच. सिझेरियनमध्ये सुरुवातीला, गर्भाशय शिवण्यापूर्वी, पोट बंद करण्यापूर्वी आणि त्वचेच्या टाक्यांच्या वेळी मोजणी व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीतही, रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी नर्सने मोजणी पूर्ण झाल्याचे तोंडी सांगावे, अशी पायरी आहे.

मात्र आकडा जुळला म्हणजे काम संपले असे मानू नये. अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासात, वस्तू आत राहिलेल्या ज्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत मोजणी झाली होती, त्यांतील बहुतेकांच्या नोंदीत ती बरोबर असल्याचेच लिहिलेले होते. तातडीची शस्त्रक्रिया आणि ऐनवेळी बदललेला बेत यांमुळे धोका वाढतो, हेही त्यात दिसले. प्रसूतीत या दोन्ही गोष्टी नेहमीच्याच आहेत. म्हणून टाके संपल्यावर ज्याने ते घातले त्यानेच, बाळंतिणीला सांगून आणि तिची संमती घेऊन, योनिमार्ग बोटांनी तपासावा, आणि पोट बंद करण्यापूर्वी सर्जनने स्वतः हात फिरवून पाहावे.

आकडा जुळला नाही तर सिस्टरने ते लगेच स्पष्ट सांगावे, आणि डॉक्टरांनी हात थांबवावा. ‘असेल इथेच कुठेतरी’ हे उत्तर कोणीही चालवून घेऊ नये. जखम, चादरी, जमीन आणि बादली पाहावी, वारेचा ट्रेही पाहावा, कारण रक्ताच्या गुठळीत गुंडाळलेला गॉज अनेकदा तिथे सापडतो. तरीही मिळाला नाही तर बाळंतिणीला वॉर्डात हलवण्यापूर्वी एक्स-रे काढावा. शोध संपेपर्यंत कचऱ्याची पिशवी खोलीबाहेर जाऊ देऊ नये.

रक्तस्राव थांबवण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या पॅकची, म्हणजे आत भरलेल्या गॉजच्या पट्टीची, काळजी वेगळी घ्यावी. शक्यतो एकच लांब पट्टी वापरावी. दोन लागल्या तर त्यांची टोके गाठ मारून जोडावीत. किती पट्ट्या ठेवल्या, केव्हा ठेवल्या आणि कोणी केव्हा काढायच्या, हे केसपेपरवर लिहावे, बाळंतिणीच्या मनगटपट्टीवर खूण करावी आणि तिला व तिच्या सोबतच्या बाईला समजावून सांगावे. पॅक काढल्यावर ठेवलेल्या आणि निघालेल्या पट्ट्यांचा आकडा जुळवून काढणाऱ्याने सही करावी, आणि ती सही पाहिल्याशिवाय डिस्चार्जचा कागद तयार करू नये.