अमेरिकेतील पहिले घर लावताना

भाड्याच्या घराची किल्ली हातात पडली, की त्याच दिवशी संध्याकाळी दुकानात जाऊन प्लास्टिकचे डबे, टोपल्या आणि कप्पे गाडीभर घेऊन येण्याची घाई नव्याने आलेले जवळजवळ सगळेच करतात. मीही ती केली होती. गेल्या एकोणीस वर्षांत मी कितीतरी ओळखीच्यांना घर लावायला मदत केली आहे आणि बहुतेक वेळा दृश्य तेच असते : खोलीच्या मधोमध दोन प्रवासी बॅगा आणि त्यांच्याभोवती डझनभर रिकामे डबे. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की पहिले सहा आठवडे साठवणीची कोणतीही वस्तू विकत घेऊ नये. सामान ज्या खोक्यांतून आले त्याच खोक्यांत राहू द्यावे. कपडे किती दिवसांनी धुतले जातात, बूट नेमके कुठे काढले जातात, टपाल घरात येऊन कोणत्या कोपऱ्यात साचते, हे तेवढ्या काळात आपोआप उघड होते. डब्याची गरज तिथे असते, आणि ती जागा आपण पहिल्या दिवशी कल्पिलेली क्वचितच असते.

येथील भाड्याच्या घरात पलंग मिळत नाही, कित्येकदा बैठकीच्या खोलीत छताला दिवादेखील नसतो, परंतु भिंतीत बांधलेले क्लॉझेट बहुधा असतेच. साधारण २४ इंच खोल अशी ही कोनाड्यासारखी जागा असते. तिच्यात साडेपाच ते सहा फुटांवर एक आडवी दांडी आणि दांडीच्या वर एक फळी, इतकाच सरंजाम असतो. सगळे कपडे हँगरला टांगणाऱ्या लोकांसाठी ही रचना केलेली आहे, आणि आपण घड्या घालणारी माणसे आहोत. परिणामी आपल्या घड्या वरच्या फळीवर चढतात आणि दांडी रिकामी राहते. तिथे सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे दांडीलाच अडकवायचा पाच-सहा कप्प्यांचा कापडी झोळणा. त्याला भिंतीत एकही खिळा लागत नाही आणि घर बदलताना तो घडी करून बॅगेत जातो. टांगलेल्या शर्टांच्या खाली साधारण दोन फूट उंची मोकळी उरते. तिथे बुटका खणांचा संच किंवा बुटांची मांडणी बसते. मात्र थंडीचे जाड कोट येईपर्यंत दांडी पूर्ण भरू नये. उन्हाळ्यात आलेले लोक हे हमखास विसरतात आणि नोव्हेंबरात कोट खुर्चीच्या पाठीवर राहायला येतात.

आता मापांविषयी. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण घरी याच विषयावरून माझी चेष्टा होते आणि तरीही मी बरोबर असतो. दुकानात जाण्याआधी इंचांची टेप घेऊन जागा तीन ठिकाणी मोजावी : तळाशी, मध्ये आणि वर. क्लॉझेटला सरकते दार असेल तर एका वेळी अर्धेच तोंड उघडते, म्हणून आतील रुंदी कितीही असली तरी आत जाणारी वस्तू त्या अर्ध्या तोंडातून गेली पाहिजे. घडीचे दार असेल तर त्याच्या घड्या उघडल्यावरही दोन्ही कडांना काही इंच अडवून बसतात, आणि आत ठेवलेला खण बाहेर ओढताना नेमका तिथेच अडतो. डब्याच्या चिठ्ठीवर छापलेले माप बाहेरून, काठापाशी घेतलेले असते. डबा तळाकडे निमुळता होत जातो, म्हणून आतली उपयोगाची जागा त्याहून बरीच कमी भरते. डब्यांचा आकार क्वार्टमध्ये सांगतात. एक क्वार्ट एका लिटरहून किंचित कमी असतो आणि एवढ्यापुरता तो लिटरच समजला तरी बिघडत नाही. चौकोनी कप्प्यांच्या मांडणीत ११ इंची आणि १३ इंची अशी दोन मापे सर्रास विकली जातात. आयकियाची मांडणी १३ इंची असते. एकीकडची मांडणी आणि दुसरीकडच्या टोपल्या घेतल्या तर टोपल्या आत खुळखुळतात किंवा शिरतच नाहीत. पलंगाखाली ठेवायचे चपटे डबे मी पहिल्या वर्षी चार आणले होते. पलंगाखालची उंची सव्वासहा इंच आणि झाकणासह डबा साडेसहा इंच. झाकणे काढून ते आत सरकवले, तर पलंगाच्या मधल्या आधाराचा पाय आड आला. ते डबे पुढे दीड वर्ष बाल्कनीत होते.

तारेच्या फळ्या असतील तर त्यांवर पातळ प्लास्टिकचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा कापून अंथरावा, नाहीतर लहान बाटल्या तारांमध्ये कलंडतात. स्वयंपाकघराबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही, तिथे प्रत्येकाची स्वतःची ठाम मते असतात.

भिंतीची गोष्ट मात्र गंभीर आहे. येथील आतल्या भिंती विटांच्या नसतात. उभे लाकडी खांब आणि त्यांवर बहुधा अर्ध्या इंच जाडीचा जिप्समचा पत्रा, अशी त्यांची घडण असते. या खांबांना स्टड म्हणतात आणि दोन स्टडच्या मध्यांतील अंतर सामान्यतः १६ इंच असते, काही ठिकाणी २४. खिळा स्टडमध्ये बसला तर भिंत मोठा भार पेलते, आणि नुसत्या पत्र्यात बसला तर पुस्तकांची फळी आज ना उद्या भोकासकट खाली येते. स्टड शोधण्याचे छोटे यंत्र मिळते, ते नसेल तर साधे लोहचुंबक भिंतीवरून फिरवावे. पत्रा स्टडला जिथे स्क्रूने पक्का केलेला असतो तिथे ते चिकटते. अर्थात भोके पाडण्यापूर्वी भाडेकरार वाचावा, कारण ती बुजवण्याचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो. हलक्या वस्तूंसाठी चिकटपट्टीचे हुक चांगले. पण भिंत आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, हुक अर्धा मिनिट दाबून धरावा आणि तासभर त्यावर काहीही टांगू नये. काढताना पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढावी. स्वतःकडे ओढली तर रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो.

घरात लहान मूल असेल, तर खणांचे कपाट भिंतीला पट्टीने जखडल्याखेरीज त्यात एकही कपडा ठेवू नये. मूल खालच्या उघड्या खणावर पाय देऊन चढते आणि कपाट पुढे कलंडते. अशा अपघातांत मुले दगावल्यामुळे आयकियाने २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागवली होती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून बनणाऱ्या कपाटांना स्थिरतेची सक्तीची कसोटी लागू झाली. आपण नवखे लोक कपाटे घेतो ती बहुधा कोणीतरी घर सोडताना विकलेली, म्हणजे त्याआधीची असू शकतात. जखडण्याची पट्टी फार महाग नसते. ती लावायला दोन भोके पडतात, आणि त्यांच्यापुरते घरमालकाशी खुशाल वाद घालावा.

दुकानांबाबत जुन्या मंडळींचा सल्ला जपून ऐकावा, कारण त्यांच्या सल्ल्यातली दुकाने कित्येकदा उरलेली नसतात. बेड बाथ अँड बियाँड या घरगुती वस्तूंच्या दुकानसाखळीचे निळे वीस टक्क्यांचे कूपन कोणीतरी तुम्हाला प्रेमाने देईल. त्या साखळीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच आठवड्यात कूपने घेणे बंद केले आणि उन्हाळ्यात उरलेली दुकानेही मिटवली. केवळ साठवणीच्या वस्तू विकणारे द कंटेनर स्टोअर १९७८ मध्ये डॅलस येथे सुरू झाले. त्याने त्या वेळी प्रतिस्पर्ध्याची बाद कूपने काही दिवस स्वतःकडे स्वीकारली होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी त्याच्यावरही आली. यातून घेण्यासारखा धडा इतकाच, की या धंद्यातील दुकानाचे गिफ्ट कार्ड किंवा परताव्याची जमा रक्कम वर्षभर पाकिटात सांभाळून ठेवू नये. द कंटेनर स्टोअरची एल्फा ही स्वीडिश पद्धत खरोखर उत्तम आहे, कारण वरची एकच पट्टी भिंतीला पक्की करून सगळे कप्पे तिला टांगले जातात. परंतु ज्या घरात वर्षभरच राहायचे आहे तिथे ती लावणे म्हणजे घरमालकाला देणगी देणे होय. साधे डबे टार्गेट किंवा वॉलमार्टमध्ये घ्यावेत. जानेवारीत नववर्षाच्या संकल्पांच्या निमित्ताने आणि जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयीन वसतिगृहे भरताना त्यांच्या किमती उतरतात. डॉलर ट्रीमधील वस्तू आता एका डॉलरला मिळत नाही, परंतु खणातले छोटे ट्रे अजूनही तिथूनच घ्यावेत. घाऊक मालाच्या दुकानाचे सभासदत्व मात्र एका खोलीत राहणाऱ्याने पहिल्या वर्षी घेऊ नये. आपले लोक तिथून कागदी रुमालांचे बारा गठ्ठे आणतात आणि मग ते ठेवायला मांडणी विकत घेतात. रस्त्याच्या कडेला ठेवलेले लाकडी सामान अवश्य उचलावे, पण गादी किंवा सोफा कधीही नाही, कारण त्यांतून ढेकूण घरात येतात.

आता माझी सर्वांत महाग पडलेली चूक. चौथ्या वर्षी मी मोठ्या घरातून लहान घरात गेलो आणि न मावणारे सामान ‘दोन महिन्यांपुरते’ म्हणून भाड्याच्या साठवण खोलीत ठेवले. पाच फूट बाय दहा फूट खोली, पहिला महिना एक डॉलर, नंतर ५९ डॉलर. हा करार महिन्या-महिन्याचा असतो. त्याचा अर्थ आपण केव्हाही सोडू शकतो असा मी घेतला, पण मालक भाडे केव्हाही वाढवू शकतो असाही त्याचा अर्थ होतो. पैसे खात्यातून परस्पर जात होते, म्हणून भाडे ९४ डॉलरवर गेलेले मला सात महिने कळलेही नाही. वर विम्याचे वेगळे. २६ महिन्यांनी मी ते शटर वर ओढले तेव्हा ओलसर पुठ्ठ्याचा वास आला. भुशाच्या पाट्यांचे कपाट दमटपणाने तळाशी फुगले होते. तीन मोठी खोकी मी उघडली, तर त्यांत दूरदर्शन संच, मिक्सर आणि इस्त्री यांची रिकामी खोकी एकात एक नीट बसवून ठेवलेली होती, थर्माकोलसह. ती रचना माझीच. सगळे मिळून मी दोन हजारांहून अधिक डॉलर भरले होते, आणि त्यातले सामान नवीन घेतले असते तरी चारशे डॉलरच्या वर गेले नसते. भाडे थकले तर त्या सामानाचा लिलाव करण्याचा हक्क मालकाला असतो. माझ्या सामानावर कोणी बोली लावली असती असे वाटत नाही. तेव्हा अशी खोली घेण्याचा प्रसंग आलाच, तर सामानाची यादी करावी, प्रत्येक वस्तूपुढे तिची आजची विक्रीची किंमत लिहावी आणि ती बेरीज सहा महिन्यांच्या भाड्याशेजारी मांडावी. मूळ खोकी जपण्याची आपली सवय परताव्याची मुदत संपेपर्यंत ठीक, त्यापुढे एकही खोके ठेवू नये.

ताशी पैसे घेऊन घर लावून देणारे व्यावसायिकही येथे आहेत. त्यांची राष्ट्रीय संघटना १९८५ पासून आहे. दोन बॅगा घेऊन आलेल्याला त्यांची गरज नाही.

जोडणीच्या कपाटाबरोबर आलेली षट्कोनी किल्ली आणि उरलेले स्क्रू छोट्या पिशवीत घालून कपाटाच्या पाठीला आतून चिकटवून ठेवावेत, कारण घर सोडताना कपाट सुटे करावे लागते आणि नेमकी ती किल्ली सापडत नाही. न नेण्यासारखे सामान विकायचे असेल, तर निदान तीन आठवडे आधी जाहिरात द्यावी. भाडेकरार बहुतेक महिनाअखेरीस संपतात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत त्याच इमारतीतली चार कपाटे फुकट बाहेर ठेवलेली असतात आणि आपले पाचवे कोणी विकत घेत नाही.