ई-रीडर घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकांसाठी

ई-रीडरच्या, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्राच्या, जाहिरातीत साठवणुकीचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि १६ जीबीपेक्षा ३२ जीबी बरे, असे समजून ग्राहक जास्तीचे पैसे मोजून मोकळा होतो. त्याआधी आपण नेमके काय वाचणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे.

युनिकोडमधली (संगणकाच्या आजच्या प्रमाण अक्षरसंचातली) मराठी कादंबरी साधारणतः एक-दोन एमबीची असते. १६ जीबीच्या यंत्रात स्वतःची प्रणाली वगळून १२ जीबी जागा उरते असे धरले, तरी तेवढ्यात सहा हजारांवर पुस्तके मावतात. इतकी आयुष्यात कोण वाचणार? हिशेब बदलतो तो जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफमुळे. त्यांतली एकेक शंभर एमबीची असू शकते, म्हणजे तीच जागा सव्वाशे ग्रंथांत संपते. शिवाय सहा इंची पडद्यावर असे पान इतके आक्रसते की अनुस्वार आणि रफार शोधताना डोळे शिणतात. ज्यांचे वाचन प्रामुख्याने असे आहे, त्यांनी जास्तीचे पैसे जीबीवर न घालता मोठ्या पडद्यावर घालावेत.

आता ब्रँड. अ‍ॅमेझॉनच्या किंडलचा मोठा गुण असा की २०१६ पासून त्याच्या दुकानात मराठी पुस्तके मिळतात. ईपब (ई-पुस्तकांचा सर्रास वापरला जाणारा प्रकार) फाइल मात्र अ‍ॅमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेमार्फत रूपांतरित करून पाठवावी लागते आणि मेमरी कार्डाची सोय नाही. २०२५ मध्ये भारतात आलेल्या सात इंची, १६ जीबीच्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये जाहीर झाली होती. तुलनेसाठी हाच आकडा पायाभूत धरावा. कोबो ईपब थेट उघडतो, पण तो परदेशातून मागवायचा झाल्यास सीमाशुल्क, वाहतूक आणि बिघाड झाल्यावर यंत्र परत पाठवण्याची यातायात किमतीत मिळवूनच स्वस्त-महाग ठरवावे. ऑनिक्स बूक्सची यंत्रे अँड्रॉइडवर चालत असल्याने बुकगंगासारखी ई-पुस्तकविक्रीची अ‍ॅप्स त्यांवर घालता येतात. ज्यांनी मराठी ई-पुस्तके तिथे आधीच विकत घेतली आहेत, त्यांना हे यंत्र महाग असूनही परवडेल, कारण तीच पुस्तके पुन्हा घ्यावी लागणार नाहीत. बॅटरी मात्र साध्या ई-रीडरइतकी टिकत नाही.

सीमाभागातल्या वाचकाने एक चाचणी चुकवू नये. ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’, ‘विद्यार्थी’, ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द आणि कन्नडच्या दोन-चार ओळी एका फाइलमध्ये लिहून ती यंत्रावर उघडावी. ‘तऱ्हा’तला अर्धा र सुटा पडला किंवा ‘विद्यार्थी’चा रफार भलत्याच अक्षरावर गेला, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. घरात मुले कन्नड माध्यमात शिकत असतील, तर मराठी नीट दिसते म्हणून कन्नडही दिसेल, हे गृहीत धरू नये. युनिकोडपूर्व काळातल्या जुन्या डीटीपी (संगणकीय अक्षरजुळणीच्या) फाँटांत जुळवलेल्या पुस्तकाचे ईपब केल्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो; तो दोष यंत्राच्या माथी मारू नये.

किंमत ठरवताना यंत्र, कव्हर आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पुस्तकखरेदीची बेरीज करावी. उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतल्या टेबलांवर मिळणारी छोट्या प्रकाशकांची पुस्तके अनेकदा ई-रूपात निघतच नाहीत, तेव्हा छापील पुस्तकांवरचा खर्च पूर्ण थांबेल, असा हिशेब मांडू नये. वाचनालयाची वर्गणीही चालू ठेवावी.

जुने यंत्र घेत असाल, तर आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून त्याची नोंदणी काढली आहे की नाही, हे त्याच्यासमोरच तपासावे आणि मगच पैसे द्यावेत.