सहाय्यक श्वानासोबत बेळगावहून प्रवासाला निघण्यापूर्वी

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा श्वान घरी कितीही शिस्तीत वागत असला, तरी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरची गर्दी आणि हॉर्नचा गोंगाट त्याला नवा असतो. म्हणून तयारी निदान महिनाभर आधी सुरू करावी. पहिले काही दिवस सकाळी लवकर, एखादा डोळस सोबती बरोबर घेऊन, त्याला स्थानकाच्या बाहेरच दहा मिनिटे बसवावे. पुढे फलाटापर्यंत न्यावे, आणि बस सुरू होताना तो दचकेनासा झाला की खानापूर किंवा संकेश्वरपर्यंतचा छोटा प्रवास करावा. खरी कसोटी असते ती स्थानकावरच्या भटक्या कुत्र्यांची. ती जवळ आली की पट्टा आवळू नये, कारण ताणलेल्या पट्ट्यामुळे श्वान अधिकच बिथरतो. शांतपणे दिशा बदलावी आणि त्याने आपल्याकडे लक्ष वळवताच खाऊ द्यावा.

गोव्याकडे जायचे असल्यास चोर्ला घाटातली वळणे लक्षात घेऊन निघण्याच्या तीन-चार तास आधीच हलके खाणे द्यावे; पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. उलटी होते म्हणून गुंगी आणणारे औषध स्वतःहून कधीही देऊ नये, कारण पेंगुळलेला श्वान मालकाला सुरक्षित नेऊ शकत नाही.

रेबीजची लस चालू असल्याचे प्रमाणपत्र सोबत हवे. खानापूर भागातल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा धोका असतो, त्यामुळे त्या लसीबद्दलही पशुवैद्यांना विचारावे.

रेल्वेत साध्या नियमानुसार कुत्रा वातानुकूलित प्रथम वर्गाच्या पूर्ण आरक्षित कूपेत किंवा केबिनमध्ये, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत नेता येतो. मालकापासून दूर ठेवणारी ही पेटी सहाय्यक श्वानासाठी मला मुळीच योग्य वाटत नाही; तेव्हा पार्सल कार्यालयात आधीच लेखी विचारणा करावी.

सीमाभागात आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडते. श्वान कामावर आहे, त्याला हात लावू नये, असे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत ठळक लिहिलेले कार्ड त्याच्या पट्ट्याला बांधावे. तरीही कोणी कौतुकाने हात पुढे केलाच, तर नम्रपणे म्हटलेले ‘मुट्टबेडी’ (हात लावू नका) हा एकच कन्नड शब्द पुरतो.