बातमीची उलटतपासणी कशी करावी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश आणि चित्रफिती त्या काळात व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. देशभर पसरलेल्या अशा एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या लहान मुलाला उचलून नेताना दिसत होते. प्रत्यक्षात ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जनजागृतीची फीत होती आणि मुलाला परत आणून सोडण्याचा तिचा शेवटचा भाग कापून ती पसरवण्यात आली होती. म्हणून समोर आलेल्या मजकुराबाबत ‘हे खरे आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. हे कुठले आहे, कधीचे आहे, याच्या आधी आणि नंतर काय होते, हे सर्वप्रथम कोणी सांगितले आणि त्याला ते कसे कळले, असे नेमके प्रश्न विचारावे लागतात.

चित्रफितीची तपासणी मोबाइलवरच करता येते. ती मध्येच थांबवून दुकानांच्या पाट्यांवरची लिपी, वाहनांचे क्रमांक आणि पोलिसांचे गणवेश पाहावेत. त्यातील एखाद्या स्पष्ट दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकावा आणि मिळालेल्या निकालांतील सर्वांत जुनी तारीख शोधावी. कालच्या पुराचे म्हणून आलेले दृश्य दोन वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेले निघाले, तर निकाल तिथेच लागतो. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसल्यास तो संदेश एकाकडून दुसऱ्याकडे असा किमान पाच वेळा पुढे पाठवला गेला आहे, असे समजावे. तो आपल्याला पाठवणारे काका किंवा मावशी कितीही विश्वासाचे असले, तरी तो मजकूर त्यांचा नसतो.

सरकारी योजनेची बातमी असेल तर मूळ कागद पाहावा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या अखेरीस वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने सुरू होणारा एक लांब संकेतांक छापलेला असतो. शासनाच्या संकेतस्थळावर त्याचा शोध घेतला की जीआर खरा आहे की बनावट, हे समजते. तो सापडला तरी पूर्ण वाचावा, कारण मथळ्यात ‘सरसकट’ म्हटलेले अनुदान आतील अटी वाचल्यावर अनेकदा सरसकट राहत नाही. सरकारविषयीच्या बातमीची शहानिशा केवळ सरकारी खुलाशावर सोडू नये, हे माझे ठाम मत आहे. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे ठरवण्याचा अधिकार केंद्रानेच नेमलेल्या कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे.

वृत्तपत्रात मथळ्याइतकीच महत्त्वाची असते ती बातमीच्या आरंभीची छोटी ओळ. ‘वृत्तसंस्था’ म्हणजे मजकूर बाहेरून घेतलेला आहे. ‘विशेष प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ म्हणजे तो वृत्तपत्राच्या माणसाने दिला आहे, पण म्हणून तो घटनास्थळी गेलाच होता असे नाही. बातमीत किती जणांचे म्हणणे आहे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले आहे का, आणि ‘सूत्रांनी सांगितले’ याखेरीज दुसरा काही आधार आहे का, हे मोजून पाहावे. निवडणुकीच्या काळात तर ही तपासणी रोज करावी. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी एका नेत्याची स्तुती करणारा, जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उजेडात आणला. वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल तयार केला, परंतु परिषदेने प्रथम त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले आणि पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला.

असा मजकूर ओळखण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे गावच्या वाचनालयात बसून एकाच दिवसाची दोन-तीन दैनिके शेजारी शेजारी ठेवून वाचणे. वाक्ये जुळतात का, उमेदवाराला एकही अडचणीचा प्रश्न विचारलेला नाही का, एकाच पानावर दोन्ही प्रतिस्पर्धी निवडून येणार असे म्हटले आहे का, हे तिथे चटकन दिसते. तालुक्याच्या वार्ताहराला अनेक ठिकाणी बातम्यांसोबत जाहिरातीही आणाव्या लागतात, आणि नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी ज्याच्या भरवशावर निघते त्याच्याकडून त्या नेत्याविरुद्ध बातमी येणे कठीण असते. त्यामुळे काय छापले आहे, यासोबत आपल्या गावातील कोणती गोष्ट कधीच छापून येत नाही, याचीही नोंद ठेवावी.

दूरचित्रवाणीवरील चर्चेत आरडाओरड वाढली की माहिती संपली, असे समजून वाहिनी बदलण्यास हरकत नाही. मतदानोत्तर चाचण्या मात्र जपून पाहाव्यात. जून २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. किती लोकांना विचारले, कुठे विचारले आणि मतांच्या टक्केवारीवरून जागा कशा काढल्या, हे जी वाहिनी सांगत नाही तिचा आकडा विचारात घेऊ नये.

चूक सापडल्यावर ती घरात बोलून सोडून देऊ नये, तर लेखी कळवावी. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. त्या संपादकांना तारीख, आवृत्ती, पृष्ठ आणि मथळा नमूद करून, नेमके कोणते विधान चुकीचे आहे आणि त्याचा पुरावा काय, हे पत्राने कळवावे व खुलासा छापण्याची विनंती करावी. उत्तर असमाधानकारक असल्यास दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. त्यासोबत संपादकांना पाठवलेल्या पत्राची प्रत आणि कात्रण जोडावे लागते. परिषद दंड करू शकत नाही, समज देऊ शकते किंवा ताशेरे ओढू शकते. तरीही संपादकाला लेखी बाजू मांडायला लावणारी हीच प्रक्रिया सामान्य वाचकाच्या आवाक्यात आहे. वृत्तवाहिनीबाबत मात्र घाई करावी लागते. अनेक मोठ्या वाहिन्या ज्या स्वनियमन संस्थेच्या सदस्य आहेत, तिच्या नियमांनुसार प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत प्रथम वाहिनीकडेच तक्रार नोंदवावी लागते, त्यामुळे कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि शक्य असल्यास ध्वनिचित्रमुद्रण त्याच दिवशी जपून ठेवावे.